तालुक्याच्या गावी सीएमईचा नियम नीट राबवायचा कसा?

कोयनाकाठ:

नमस्कार.

आमच्या तालुक्यातील डॉक्टरांच्या संघटनेची नवी कार्यकारिणी नुकतीच निवडली गेली आणि सीएमई म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या कार्यक्रमांची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. सभासद साठ-पासष्ट आहेत. त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्याने दवाखाना चालवतात, काहींची दहा-पंधरा खाटांची रुग्णालये आहेत आणि थोडे सरकारी सेवेत आहेत. सगळे आधुनिक वैद्यकशास्त्राचे पदवीधर असल्याने सर्वांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे आहे.

नियम सर्वांना माहीत आहे. दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करायचे आणि त्यासाठी मान्यताप्राप्त शैक्षणिक कार्यक्रमांना हजर राहून मिळवलेले 30 क्रेडिट पॉइंट दाखवायचे. वर्षाला सहा असा हिशेब मांडला तर यात अवघड काहीच नाही. प्रत्यक्षात मात्र पहिली चार वर्षे कोणाला त्याची आठवण नसते आणि नूतनीकरणाचे वर्ष उजाडले की पुणे-कोल्हापूरच्या रविवारच्या परिषदांना रांगा लागतात. विषय कोणता हे पाहिले जात नाही, पॉइंट किती हे पाहिले जाते. कान-नाक-घशाचे तज्ज्ञ मूत्रपिंडविकारावरील व्याख्यानाला सकाळी सही करतात, जेवणानंतर दुसरी सही करतात आणि मधल्या वेळेत बाहेर औषध कंपन्यांच्या स्टॉलपाशी गप्पांत रमतात. त्यांना तरी दोष कसा द्यावा? त्यांच्या कामाचा विषय त्या दिवशी तिथे नव्हताच.

हे कार्यक्रम तालुक्यातच आणि आमच्या रुग्णांशी संबंध असलेल्या विषयांवर व्हावेत अशी माझी इच्छा आहे, परंतु काही गोष्टींचा उलगडा होत नाही. स्थानिक कार्यक्रमाला मान्यता मिळवण्यासाठी नेमके काय करावे लागते? खर्च कोणी करायचा? आजवर एखादी कंपनी सभागृह आणि जेवण देत असे आणि त्याबद्दल कोणी प्रश्न विचारत नसे. खाटा असलेल्या डॉक्टरांना रुग्ण सोडून यायला कसे सांगावे? आणि शेवटचा प्रश्न, जो मला सर्वांत अधिक सतावतो: व्याख्यान ऐकून दुसऱ्या दिवशीच्या ओपीडीत काही बदलते का, हे आपल्याला कळावे कसे?

आणखी एक घोळ आहे. आमचे एक ज्येष्ठ सभासद ठामपणे सांगतात की 2023 मध्ये हे सगळे नियम स्थगित झाले, त्यामुळे आता सक्तीच उरलेली नाही. हे खरे आहे का?

निवृत्त निरीक्षक:

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण हा गैरसमज बराच पसरलेला आहे.

पाच वर्षांत किमान 30 तास शिक्षणाची अपेक्षा भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेत होती. त्या परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2 ऑगस्ट 2023 रोजी नवे आचारनियम अधिसूचित केले आणि त्यांतही पाच वर्षांत 30 क्रेडिट तास हीच अट ठेवली. फरक एवढाच की ते तास आपल्या कामाशी संबंधित क्षेत्रातील असावेत आणि डॉक्टरांच्या राष्ट्रीय नोंदणी क्रमांकासमोर ऑनलाइन नोंदवले जावेत, असे त्यांत स्पष्टपणे म्हटले होते. जेनेरिक औषधांची सक्ती आणि इतर काही तरतुदींवरून गदारोळ झाला व 23 ऑगस्ट 2023 रोजी ते नियम स्थगित ठेवण्यात आले. स्थगित झाले ते 2023 चे नियम. त्यांच्या जागी 2002 ची आचारसंहिता पुन्हा लागू झाली, म्हणजे 30 तास जिथे होते तिथेच राहिले. राज्य परिषदेची नूतनीकरणाची अट तर या सगळ्यापेक्षा वेगळी चालते. तेव्हा आपल्या ज्येष्ठ सभासदांनी या भरवशावर स्वस्थ बसू नये, असे त्यांना आदरपूर्वक सांगावे.

आता मान्यतेविषयी. मी काही वर्षे परिषदेचा निरीक्षक म्हणून अशा कार्यक्रमांना जात असे, त्यावरून लिहितो. आधी संस्थेला मान्यता लागते, मग प्रत्येक कार्यक्रमासाठी अर्ज करावा लागतो. अर्जात विषय, प्रत्येक सत्राची वेळ आणि वक्त्यांची नावे नोंदणी क्रमांकांसह द्यावी लागतात. पॉइंट सत्रांच्या वेळेवरून ठरतात. त्यामुळे उद्घाटन, दीपप्रज्वलन, सत्कार आणि भोजन हा वेळ त्यात धरता येईल अशी आशा ठेवू नये. अनेक आयोजक नेमके इथेच अडकतात. कार्यक्रमानंतर उपस्थितांची यादी नोंदणी क्रमांकांसह पाठवली की पॉइंट त्या त्या डॉक्टरांच्या खात्यावर दिसू लागतात. एखाद्या क्रमांकातील एक आकडा चुकला तर पॉइंट परक्याच्या नावावर जातात आणि ते परत मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. म्हणून दारावर ज्याला बसवाल तो माणूस वक्त्याइतक्याच काळजीने निवडा. नावे हाताने लिहून घेण्याऐवजी सभासदांची क्रमांकांसह छापील यादी तयार ठेवावी आणि समोर फक्त सही घ्यावी.

सही एकदाच घेऊ नये. आरंभी आणि अखेरीस, अशी दोनदा घ्यावी. याने वाईटपणा येतो हे मला ठाऊक आहे, कारण सही घेणारा आणि सही न करता निघून जाणारा हे दोघे एकाच गल्लीत राहतात. तरीही नियम पहिल्या कार्यक्रमापासून पाळला तर तिसऱ्या कार्यक्रमापर्यंत त्याची सवय होते. अध्येमध्ये सुरू केला तर मात्र तो कोणाच्या तरी विरुद्ध आहे असे वाटू लागते.

अर्ध्या तासाच्या बैठकीसाठी एवढी कागदपत्रे करणे परवडत नाही. तीन महिन्यांतून एकदा दोन-तीन तासांचा कार्यक्रम ठेवला तर वर्षाची गरज बरीचशी गावातच भागेल.

सातपुडा:

मी नंदुरबार जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रावर वैद्यकीय अधिकारी आहे. तालुक्याच्या गावाला निदान सभागृह आहे. आमच्याकडे मी रविवारी केंद्र सोडून गेलो तर मागे डॉक्टर कोणी नसतो. करोनाच्या काळात ऑनलाइन कार्यक्रम सुरू झाले त्याचा आम्हा लोकांना मोठा आधार झाला, हे आधी नमूद करतो. परंतु त्यांतील बहुतेक विषय महानगरातील रुग्णालयांसाठी असतात. हृदयाच्या झडपा मांडीतून कशा बदलतात हे ऐकायला आवडते, पण माझ्या दारात पावसाळ्यात येतो तो घोणस चावलेला माणूस.

त्यामुळे आपला पहिला कार्यक्रम सर्पदंशावर ठेवावा असे सुचवतो, आणि तो व्याख्यान म्हणून न ठेवता हाताने करून पाहण्याचा ठेवावा. उदाहरण म्हणून वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी घ्या. दोन मिलीलीटर ताजे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे नळीला हात लावायचा नाही आणि मग ती एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिले तर घोणस किंवा फुरशाचे विष भिनले आहे असे समजून प्रतिविष सुरू करायचे. पुस्तकात हे चार ओळींत संपते. प्रत्यक्षात केंद्रावर काचेची नळी नसते, प्लॅस्टिकची असते, आणि प्लॅस्टिकमध्ये रक्त नीट गोठत नाही. काचेची असलीच तर ती साबणाच्या पावडरने धुतलेली असते आणि तिच्यातही निष्कर्ष चुकतो. म्हणजे ज्याला विषबाधा नाही त्याला आपण प्रतिविष देऊन बसतो, त्याची प्रतिक्रिया येते आणि अॅड्रेनालिन शोधायला धावपळ होते. कार्यक्रमात प्रत्येकाने आपल्या दवाखान्यातील नळी सोबत आणावी आणि तिच्यातच चाचणी करून दाखवावी, एवढे केले तरी शंभर स्लाइडांपेक्षा अधिक शिकणे होईल. नाग आणि मण्यार चावल्यावर ही चाचणी सामान्य येऊ शकते आणि तिथे पापण्या जड होणे, गिळता न येणे याकडे पाहावे लागते, हेही त्याच टेबलावर शिकवता येईल.

ग्रामीण डॉक्टरने शिकत राहणे म्हणजे काय, याचे उदाहरण महाराष्ट्राला बाहेरून आणावे लागत नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात काम करताना विंचूदंशाच्या रुग्णांची बारकाईने निरीक्षणे लिहून ठेवली, विषाचा हृदयावर होणारा परिणाम ओळखला आणि त्यावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा वापर रूढ केला. ते काम ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्या वहीला कोणी क्रेडिट पॉइंट दिले नव्हते. पॉइंटची व्यवस्था नको असे यातून मला म्हणायचे नाही. पण आपल्या रुग्णांची नोंद ठेवून तिच्यावर विचार करणे या कामाला आजच्या व्यवस्थेत शून्य तास मिळतात, आणि रविवारी वातानुकूलित सभागृहात डुलकी काढणे तासांत मोजले जाते, हे खटकते.

यॉर्कशायरकर:

सातपुडा यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून लिहितो. मिरजेला शिकून मी गेली अनेक वर्षे इंग्लंडमध्ये जनरल प्रॅक्टिस करतो.

इथे 3 डिसेंबर 2012 पासून पुनर्प्रमाणीकरणाची, म्हणजे डॉक्टरचा परवाना ठरावीक काळाने पुन्हा पडताळण्याची पद्धत आहे. कालावधी आपल्यासारखाच पाच वर्षांचा. मात्र दरवर्षी एका प्रशिक्षित सहव्यावसायिकासमोर बसून आपल्या वर्षभराच्या कामाचा आढावा द्यावा लागतो. जनरल मेडिकल कौन्सिल ही इथली नोंदणी परिषद तासांचा आकडा ठरवून देत नाही. रॉयल कॉलेजांची, म्हणजे त्या त्या शाखेच्या डॉक्टरांच्या संस्थांची, अपेक्षा साधारण वर्षाला 50 क्रेडिटची असते. आकड्यापेक्षा महत्त्वाचे हे की शिक्षण हा त्या आढाव्याचा एकच भाग आहे. त्याच्याशेजारी गुणवत्ता सुधारण्यासाठी केलेले काम, घडलेल्या गंभीर घटना, सहकाऱ्यांचे मत, रुग्णांचे मत आणि आलेल्या तक्रारी व प्रशंसा हेही ठेवावे लागते. ऑस्ट्रेलियाने 1 जानेवारी 2023 पासून वर्षाला 50 तास ठरवले आणि त्यांतील किमान निम्मे तास आपल्या कामाचे परीक्षण आणि परिणामांचे मोजमाप यांसाठी राखून ठेवले. म्हणजे ‘सातपुडा’ ज्याला शून्य तास मिळतात म्हणतात, त्यालाच तिथे अर्धे माप आहे.

हे ऐकून इथे सगळे आलबेल आहे असे कृपया समजू नका. आढाव्याच्या आधीच्या आठवड्यात रात्री जागून ‘या लेखातून मी काय शिकलो’ असे परिच्छेद पाडणारे डॉक्टर इथेही पुष्कळ आहेत. शिवाय 2018 मध्ये एका मुलाच्या मृत्यूबद्दल दोषी ठरलेल्या डॉ. हदीझा बावा-गार्बा यांचे प्रकरण गाजले, तेव्हा आपण प्रामाणिकपणे लिहिलेले आत्मपरीक्षण उद्या न्यायालयात आपल्याच विरुद्ध वापरले जाईल अशी भीती तरुण डॉक्टरांमध्ये पसरली. त्या खटल्यात तसे आत्मपरीक्षण पुरावा म्हणून वापरले गेले नव्हते, तरी भीती राहिली ती राहिलीच. आपल्याकडे ग्राहक न्यायालयांची धास्ती असताना रुग्णचर्चा सुरू करणार असाल, तर रुग्णाचे नाव, गाव आणि डॉक्टरांचे नाव वगळूनच ती करावी. तालुक्यात एवढे वगळूनही रुग्ण कोण हे ओळखू येते, म्हणून अलीकडच्या घटना चर्चेस घेऊ नयेत असे मी सुचवेन.

कोयनाकाठ यांचा चौथा प्रश्न, म्हणजे दुसऱ्या दिवशी काही बदलते का, त्याविषयी बरेच संशोधन झालेले आहे. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या आढाव्यांनुसार अशा शैक्षणिक सभांनी डॉक्टरांच्या वर्तनात होणारी सुधारणा सरासरी सहा-सात टक्क्यांच्या आसपास भरते. फार नाही, पण अगदीच टाकाऊही नाही. शिकवले ते वापरले जाते का, हे डॉक्टरला त्याचेच आकडे दाखवून पाहिले तर बदलाला जोर येतो, असा माझा अनुभव आहे.

आपण सातारा जिल्ह्यातील दिसता, म्हणून एक सोपी सुरुवात सुचवतो. देशातील उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम 2017 च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातील पहिल्या जिल्ह्यांत सातारा होता. ठरलेल्या क्रमाने औषध वाढवत नेण्याची पद्धत तिथल्या सरकारी केंद्रांना परिचित आहे. कार्यक्रमाआधी प्रत्येक सभासदाने रक्तदाबाच्या आपल्या वीस रुग्णांचे कागद काढावेत आणि शेवटच्या भेटीत रक्तदाब लिहिला आहे का, तो 140/90 च्या खाली आहे का, नसल्यास औषध बदलले का, एवढेच मोजावे. नाव न लिहिता चिठ्ठी पेटीत टाकावी. सहा महिन्यांनी पुन्हा मोजावे. वक्त्याला आपोआप कळेल की कशावर बोलायचे.

कडू काढा:

सर्वांनी चांगले लिहिले आहे. पैशांचा प्रश्न मात्र सगळ्यांनी सफाईने टाळला, तो मी घेतो.

2002 च्या आचारसंहितेत 2009 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर डॉक्टरने औषध कंपनीकडून भेटवस्तू, प्रवासखर्च किंवा पाहुणचार घेणे हे गैरवर्तन ठरते. परिषदेला प्रतिनिधी म्हणून जाण्यासाठीचा प्रवासही त्यात येतो. आरंभी ही बंधने डॉक्टरांच्या संघटनांनाही लागू होती. 2016 च्या दुरुस्तीत ‘संघटना’ हा शब्द वगळण्यात आला. म्हणजे मी एकट्याने जेवण घेतले तर गैरवर्तन आणि माझ्या संघटनेने साठ जणांचे घेतले तर शिक्षण! 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा खैरातीचा खर्च कंपन्यांना करपात्र उत्पन्नातून वजा करता येणार नाही असा निकाल दिला आणि औषध कंपन्यांसाठीच्या मार्च 2024 च्या सरकारी विपणन संहितेने परदेशातील कार्यक्रम बंद केले व कार्यक्रमांवरील खर्च जाहीर करण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने तुमची संघटना पारदर्शक पद्धतीने प्रायोजकत्व घेऊ शकते.

घ्यावे का, हा निराळा प्रश्न. माझे मत घेऊ नये असे आहे, आणि त्याचे कारण नैतिकतेपेक्षा व्यवहाराचे आहे. कंपनी पैसे देते तेव्हा विषय तीच सुचवते, आणि ती सुचवते तो विषय नेहमी नव्या औषधाचा असतो. काचेच्या नळीवर, औषध कधी थांबवावे यावर किंवा साध्या सर्दीला प्रतिजैविक का देऊ नये यावर कोणती कंपनी सभागृह घेऊन देईल? सरकारी कार्यक्रमात क्षयरोगाची औषधे 2017 पासून दिवसाआडऐवजी रोज आणि वजनानुसार द्यायची ठरली. अशा बदलांची माहिती खासगी दवाखान्यांपर्यंत पोचवण्यात कोणत्याही कंपनीला नफा नसतो.

आणि खर्च तरी किती असतो? सभागृह पंचतारांकित लागत नाही. एखाद्या सभासदाच्या रुग्णालयाचे प्रतीक्षालय दुपारी रिकामेच असते. वक्त्यांपैकी निम्मे गावातीलच घ्यावेत. आपल्या तालुक्यातील भूलतज्ज्ञाला अॅड्रेनालिन कसे द्यायचे हे मुंबईहून येणाऱ्या प्राध्यापकाइतकेच ठाऊक असते. जेवणाऐवजी चहा आणि पोहे ठेवा. वार्षिक वर्गणीत शैक्षणिक निधी म्हणून ठरावीक रक्कम धरा आणि तिचा हिशेब सर्वसाधारण सभेत मांडा. पैसे स्वतःच्या खिशातून गेले की माणूस दुसऱ्या सहीपर्यंत बसतो, हे निरीक्षक साहेबांनाही मान्य व्हावे.

कोयनाकाठ:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ज्येष्ठ सभासदांची शंका फिटेल आणि खर्चाचा ठराव पुढच्या बैठकीत मांडेन. प्रायोजकत्व पूर्ण बंद करण्याला विरोध होणार हे उघड आहे. निदान पहिल्या वर्षातील सर्व कार्यक्रम वर्गणीतून करावेत एवढ्यावर मी अडून राहीन. सुरुवात सर्पदंशापासून, पावसाळ्याच्या आधी. रक्तदाबाच्या चिठ्ठ्यांची कल्पना मला फार पटली, परंतु तिथे एक अडचण दिसते. अनेक दवाखान्यांत रुग्णाचा कागद रुग्णाच्याच हाती असतो, डॉक्टरकडे काही राहत नाही. मग वीस कागद आणायचे कोठून?

शिवाय खाटा असलेल्यांचा प्रश्न राहिलाच. त्यांच्यासाठी कार्यक्रम ऑनलाइनही दाखवावा का?

सातपुडा:

कागद मागे वळून शोधू नका. एका ठरलेल्या सोमवारपासून रक्तदाबाचे जे पहिले वीस रुग्ण येतील त्यांची नोंद ओपीडीच्या टेबलावरील वहीत करायची. आकडा, औषध आणि ते बदलले का, असे तीनच रकाने ठेवा. नाव लिहू नका, फक्त वय लिहा. दुसऱ्या खेपेस तीच माणसे सापडणार नाहीत, पण डॉक्टरची पद्धत बदलली का हे पाहायला तेवढे पुरते. एक मात्र पाळा: नोंद कंपाउंडरकडे सोपवू नका. सोपवलीत तर सगळ्यांचा रक्तदाब 130/80 निघेल.

निवृत्त निरीक्षक:

ऑनलाइन आणि प्रत्यक्ष असा मिश्र कार्यक्रम करायचा झाल्यास ते अर्जातच आधी कळवावे. प्रत्यक्ष कार्यक्रम म्हणून मान्यता घेऊन आयत्या वेळी दुवा पाठवला तर घरून पाहणाऱ्यांच्या पॉइंटवर हरकत येऊ शकते. सर्पदंशाचा कार्यक्रम तर पडद्यावर दाखवून उपयोग नाही. त्याऐवजी खाटा असलेल्या सभासदांच्या जोड्या लावा: एका कार्यक्रमाला एकाने यायचे आणि दुसऱ्याने त्याचे रुग्ण सांभाळायचे, पुढच्या खेपेस उलट. वर्षात चार कार्यक्रम ठेवलेत तर प्रत्येकाला दोन कार्यक्रम मिळतील आणि उरलेले पॉइंट ऑनलाइन भरून काढता येतील. जोडीदार कोण आहे ते दोन्ही रुग्णालयांच्या परिचारिकांना फोन क्रमांकासह लेखी कळवून ठेवावे.